धडधाकट बाळाच्या डोक्याचा एमआरआय कशाला?

२००८ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. पूर्ण दिवस भरून जन्मलेली, कसलाही त्रास नसलेली १०१ बाळं. जन्मानंतर तीन दिवसांच्या आत प्रत्येकाच्या डोक्याचा एमआरआय काढला, आणि त्यातल्या ४६ बाळांच्या कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली रक्ताचा पातळ थर सापडला. जवळजवळ निम्मी बाळं! आणि ही सगळी दूध ओढत होती, रडत होती, वेळच्या वेळी लंगोट ओले करत होती. पुढे ज्यांना पुन्हा तपासलं त्यांच्यापैकी बहुतेकांचं रक्त महिन्याभरात जिरलं होतं. तीन महिन्यांनी कुणाच्याच डोक्यात त्याचा मागमूस नव्हता.

समजा, हे कुणी मोजलंच नसतं. आणि आपल्याकडं एखाद्या बाळाचा एमआरआय दुसऱ्याच कारणासाठी काढला आणि रिपोर्टवर ‘सबड्युरल हॅमरेज’, म्हणजे हाच आवरणाखालचा रक्तस्राव, असं आलं, तर घरात काय होईल? कुणी म्हणेल, डॉक्टरांनी बाळ ओढून काढलं. कुणी म्हणेल, आंघोळ घालणाऱ्या बाईनं डोकं जास्त दाबलं. युरोप-अमेरिकेत तर अशा रक्ताचा अर्थ ‘बाळाला कुणीतरी गदागदा हलवलं’ असाही लावला जातो आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. बाळ बाहेर येताना कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात, बारीक शिरा ताणल्या जातात, थोडं रक्त येतं आणि जिरून जातं. यात जगावेगळं काही नाही. पण हे कळायला आधी कुणीतरी निरोगी बाळांच्या डोक्यात डोकवायला हवं होतं.

आमच्या गल्लीतल्या काकूंना नात झाली. बाळाला बघायला गेलो होतो, बोलता बोलता हा विषय निघाला. काकूंनी लगेच विचारलं, “पोरगी चांगली हाय, दूध वढतीया, मग डोस्क्याचा फोटो कशाला काढायचा? उगंच दुखणं उकरून काढायचं काय?” प्रश्न चोख आहे. एका बाळापुरतं बोलायचं तर काकूंचंच बरोबर: धडधाकट बाळाला एमआरआयची काहीही गरज नसते, आणि कुणी हौसेनं काढायला सांगत असेल तर नको म्हणावं. पण शेकडो निरोगी बाळांचे स्कॅन आई-बापांच्या संमतीनं, अभ्यासासाठी म्हणून काढले, तर त्यातून ‘नीट वाढणारा मेंदू कसा दिसतो’ याचं माप तयार होतं. आजारी बाळाचा स्कॅन डॉक्टर वाचतात तो त्या मापाला लावून. ते माप नसेल तर रिपोर्टवर लिहायचं काय?

मशीन करतं काय

लहान जिवाला रेडिएशन कशाला, ही भीती सगळ्यात आधी पुढं येते, म्हणून ती आधीच मिटवू. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये पेशींना इजा करू शकणारे किरण असतात. एमआरआयमध्ये ते नसतात. तिथं काम चालतं चुंबक आणि रेडिओ लहरींवर.

पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि हायड्रोजनच्या केंद्रकाला स्वतःचं बारीकसं चुंबकत्व असतं. चुंबकक्षेत्राचा जोर टेस्ला या एककात मोजतात. ३ टेस्लाच्या मशीनमधलं चुंबकक्षेत्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या साठ-सत्तर हजार पट असतं. त्यात शिरल्यावर या केंद्रकांचा कल थोडासा त्या क्षेत्राच्या दिशेला होतो. मग ठरावीक कंप्रतेची, ३ टेस्लाला सुमारे १२८ मेगाहर्ट्झची, रेडिओ लहर सोडली की तो कल ढळतो. लहर थांबवली की केंद्रकं पूर्वस्थितीवर येतात आणि येताना क्षीण संदेश सोडतात. मशीन ते संदेश पकडतं. पूर्वस्थितीवर यायला किती वेळ लागतो हे त्या पाण्याच्या आसपास काय आहे यावर ठरतं: चरबी आहे, पेशींची दाटी आहे, की पाणी मोकळंच आहे. या वेळांच्या फरकातून काळ्या-पांढऱ्या छटांचं चित्र बनतं. अशी चित्रं काढण्याची पद्धत शोधल्याबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ सालचं नोबेल मिळालं.

नवजात बाळाच्या मेंदूत पाणी मोठ्या माणसाच्या मेंदूपेक्षा खूप जास्त असतं, नव्वद टक्क्यांच्या आसपास. त्यामुळं मोठ्यांसाठी बसवलेली सेटिंग्ज बाळाला चालत नाहीत. मोठ्यांच्या मापाची कॉइलही, म्हणजे संदेश पकडणारी डोक्याभोवतीची अँटेना, चालत नाही, कारण संदेश क्षीण असतो आणि ती डोक्यापासून जितकी लांब तितकं चित्र अस्पष्ट. म्हणून लंडनच्या ‘डेव्हलपिंग ह्युमन कनेक्टोम प्रोजेक्ट’ या मोठ्या प्रकल्पात बाळाच्या डोक्याच्या मापाची ३२ चॅनेलची वेगळी कॉइल बनवून घेतली होती. किंग्ज कॉलेज, इंपीरियल कॉलेज आणि ऑक्सफर्ड यांनी मिळून चालवलेल्या या प्रकल्पानं सातशेहून जास्त नवजात बाळांचे स्कॅन जमवले आणि जगभरच्या संशोधकांना खुले करून दिले. नवजात मेंदूबद्दल आज जे छापून येतं, त्यातला बराचसा भाग या एका संग्रहावर उभा आहे.

तासभर झोपवायचं कसं

मोठ्या माणसाला ‘हलू नका’ म्हणता येतं. तीन दिवसांच्या बाळाला काय सांगणार?

आजारी बाळांना कधीकधी झोपेचं औषध द्यावं लागतं, पण निरोगी बाळाला केवळ अभ्यासासाठी औषध देणं कुणालाच पटणारं नाही. म्हणून जगभर एकच युक्ती वापरतात, आणि ती ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हसू येईल. बाळाला पोटभर पाजायचं, ढेकर काढायची, दुपट्यात गच्च गुंडाळायचं आणि झोप लागेपर्यंत वाट बघायची. बस्स. मोठमोठ्या शोधनिबंधांत ही पद्धत गंभीरपणे लिहिलेली असते. वरून एक भर असते: बारीक मण्यांची गादी, जिच्यातली हवा काढली की ती बाळाच्या अंगाभोवती घट्ट बसते आणि डोकं इकडंतिकडं होत नाही.

खरी अडचण आवाजाची. मशीन चालू असताना शंभर डेसिबलच्या वर ठणठणाट होतो. लंडनच्या त्या प्रकल्पात दातांचे डॉक्टर वापरतात तसली मऊ पुट्टी बाळाच्या कानात बसवत, त्यावर इवलेसे मफ लावत आणि वर आवाज अडवणारं झाकण ठेवत. शिवाय स्कॅन एकदम मोठ्या आवाजात सुरू न करता हळूहळू चढवत नेत, म्हणजे बाळ दचकून जागं होत नसे. हृदयाचे ठोके, ऑक्सिजन आणि अंगाचं तापमान यांवर सगळा वेळ लक्ष असे. सगळे स्कॅन मिळून तासाभराचा कार्यक्रम.

आमच्या कोल्हापुरात असा अभ्यास करायचा झाला तर पहिली पंधरा मिनिटं बाळाच्या अंगावरचं उतरवण्यात जातील. पायांत वाळे, हातांत मनगट्या, कमरेला करगोटा, त्यात ओवलेलं चांदीचं काहीतरी, गळ्यात ताईत. चांदीला चुंबक ओढत नाही हे खरं, पण ताइताच्या आत नेमका कुठला धातू आहे हे बांधणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि चुंबकाकडं न ओढला जाणारा धातूसुद्धा रेडिओ लहरींनी तापू शकतो. काजळ आणि तीटही पुसावी लागते. रंगात लोहाचे कण असतील तर डोळ्यांजवळचं चित्र बिघडतं. करगोटा सोडायला कुरकूर होणार हे गृहीत धरावं. माझं मत विचाराल तर टेक्निशियननं नुसतं ‘काढा’ म्हणू नये. कशासाठी ते सांगावं आणि उतरवलेली प्रत्येक वस्तू आजीच्याच हातात द्यावी. दृष्ट लागेल ही काळजी तासाभरापुरती परवडते, पण आपलं ऐकून घेतलं नाही हे घरची माणसं विसरत नाहीत.

एवढं करूनही बाळ हलतंच. जांभई देतं, उचकी लागते, मान वळते. म्हणून मेंदूचे पातळ काप पुन्हापुन्हा टिपतात आणि हललेले तुकडे संगणक जुळवून एक अखंड चित्र तयार करतो. नवजात एमआरआयमध्ये गेल्या पंधरा-वीस वर्षांत जी झेप दिसते, तिच्यात चुंबकापेक्षा या जुळवाजुळवीच्या गणिताचा वाटा जास्त आहे, असं मला वाटतं.

आत काय दिसलं

सगळ्यात आधी वाढीचा वेग. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हवाईतल्या ८७ बाळांचे मिळून २११ स्कॅन मोजले गेले. जन्मतः मेंदूचं आकारमान मोठ्यांच्या साधारण तेहतीस टक्के. नव्वद दिवसांत ते पंचावन्न टक्क्यांवर गेलं. जन्माच्या सुमाराला मेंदू दिवसाला एक टक्का या वेगानं वाढतो. बाळंतीण सव्वा महिना खोलीत असते, तेवढ्या अवधीत तिच्या शेजारी हे चाललेलं असतं. सगळ्यात जोरात वाढतो तो लहान मेंदू, म्हणजे हालचालींचा तोल सांभाळणारा मागचा भाग. तीन महिन्यांत तो दुपटीपेक्षा मोठा होतो. आठवणींशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस मात्र त्या मानानं संथ.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला आपल्याकडच्या लोकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. सरासरीपेक्षा एक आठवडा आधी जन्मलेल्या बाळाचा मेंदू जन्मतः चार-पाच टक्के लहान होता. नंतर तो जरा जास्त वेगानं वाढला, पण नव्वद दिवसांतही फरक पूर्ण भरून निघाला नाही. चौतिसाव्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या साधारण पासष्ट टक्केच असतं, म्हणजे शेवटच्या सहा आठवड्यांत केवढी भर पडते बघा. आणि आपण काय करतो? पंचांग उघडून सिझेरियनचा मुहूर्त काढतो. आई-बाळाला धोका असेल तर डॉक्टर लवकर करतील, ते वेगळं. पण एरवी ठरवून करायचं सिझेरियन ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये, असं वैद्यकीय मार्गदर्शन आहे. मुहूर्तच बघायचा तर त्यानंतरचा बघा. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे ऐकीव गणितही असंच उलटं आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो.

आता चित्राकडं वळू. नवजात बाळाचा एमआरआय पहिल्यांदा बघणाऱ्या डॉक्टरला तो उलटा छापल्यासारखा वाटतो. मोठ्यांच्या चित्रात जो भाग फिकट, तो बाळाच्या चित्रात गडद. कारण आहे मायलिन. मेंदूच्या पेशींचे लांब तंतू एकमेकांना संदेश पोचवतात. त्या तंतूंवर कालांतरानं मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण चढतं आणि संदेश कैक पटींनी वेगानं जायला लागतो. जन्मतः हे आवरण फार थोड्या ठिकाणी असतं. बाकी सगळीकडं पाणी जास्त, चरबी कमी, म्हणून छटा उलट. सहा-आठ महिन्यांच्या सुमाराला तर एक मजा होते: मायलिन निम्मंशिम्मं चढलेलं असतं, दोन्ही भागांच्या छटा सारख्या होतात आणि मेंदूतला पेशींचा करडा भाग कुठं संपला, तंतूंचा पांढरा कुठं सुरू झाला हे ओळखणंच अवघड जातं. त्या वयाच्या बाळांचे स्कॅन संगणकालाही चकवतात.

मायलिन कुठंही कसंही चढत नाही, त्याला क्रम आहे. आधी मेंदूच्या बुंध्याशी, श्वास आणि गिळणं सांभाळणाऱ्या भागात. मग मध्यातून बाहेर, खालून वर, मागून पुढं. दिवस भरून जन्मलेल्या बाळात, हातापायांच्या हालचालींचे तंतू जिथून जातात त्या ‘इंटर्नल कॅप्सूल’च्या मागच्या भागात, मायलिनची छोटीशी रेघ दिसायलाच हवी. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही, काचेत ठेवावं लागलं, अशा वेळी एमआरआय काढला तर डॉक्टर आधी ही रेघ शोधतात. ती असायला हवी हे कुठून कळलं? निरोगी बाळांवरूनच. कपाळामागचा भाग, विचार करून निर्णय घेण्याचा, अगदी शेवटी येतो. तिथलं काम विशी-पंचविशीपर्यंत चालतं. घरात वीस वर्षांचा मुलगा असेल तर पटेल.

पाण्याच्या चालीवरून वाट शोधणं

साधा एमआरआय मेंदूचा आकार दाखवतो. कुठले तंतू कुठून कुठं जातात हे तो दाखवत नाही. त्यासाठी ‘डिफ्युजन एमआरआय’ लागतो, आणि तो समजावून घ्यायला कोल्हापूरच्या माणसाला उसाच्या रानापलीकडं जायची गरज नाही. सपाट वावरात पाणी सोडलं तर ते चारी बाजूंना पसरतं. सरी पाडलेल्या रानात सोडलं तर सरीच्या लांबीनं पळतं, वरंबा ओलांडून आडवं फारसं जात नाही. रात्रीच्या अंधारात बांधावर उभं राहून, रान न बघता, नुसतं पाणी कुठल्या दिशेनं किती सरकलं हे समजलं तरी सऱ्या उभ्या आहेत की आडव्या हे सांगता येईल.

मेंदूतही पाण्याचे रेणू सतत वळवळत असतात. तंतूंच्या जुडग्यात ते लांबीच्या दिशेनं सहज सरकतात, आडवे अडतात. डिफ्युजन एमआरआय वेगवेगळ्या दिशांना ही सरकण मोजतो. लंडनच्या प्रकल्पात अशी ३०० मोजमापं एकेका बाळात घेतली होती. त्यावरून संगणक तंतूंच्या वाटा रेखाटतो. कातडीला हात न लावता, झोपलेल्या बाळाच्या मेंदूतल्या वाटा! १९९४ साली पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि डेनिस ले बिहान यांनी यामागचं गणित मांडलं, तेव्हापासून ही पद्धत रुजली.

याच पद्धतीनं एक सुंदर गोष्ट हाती लागली. फार लवकर जन्मलेल्या बाळांत मेंदूच्या बाहेरच्या सालीतही पाण्याची चाल शिस्तबद्ध दिसते, आतून थेट बाहेरच्या दिशेला. त्या वेळी तिथल्या पेशींची मांडणीच तशी उभी असते. दिवस भरत येतात तशी ही शिस्त चक्क नाहीशी होते. बिघाड झाला म्हणून नव्हे. पेशींना फांद्या फुटून त्या आडव्यातिडव्या एकमेकींना भिडायला लागतात, म्हणून. २००२ साली हे मांडलं गेलं. या शिस्तीचा आकडा घसरतो आणि तेच वाढीचं लक्षण ठरतं, अशी ही जागा आहे. निरोगी वाढ माहीत नसती तर इथं हमखास फसगत झाली असती.

झोपलेल्या बाळाचा मेंदू आणि टोचल्याची कळ

तिसरी पद्धत ‘फंक्शनल एमआरआय’. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथं ऑक्सिजनवालं रक्त जास्त येतं, आणि ऑक्सिजन असलेल्या व नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. सेइजी ओगावा यांनी १९९० साली हा धागा पकडला. बाळाला ‘हे चित्र बघ, ते बटण दाब’ असं सांगता येत नाही, पण त्याची गरजही पडत नाही. मूळचे भारतीय असलेले भरत बिस्वाल यांनी १९९५ साली दाखवलं की माणूस नुसता पडून असला तरी एकत्र काम करणारे मेंदूचे भाग एकाच तालात कमीजास्त होत राहतात. झोपलेल्या बाळातही तो ताल टिपता येतो. लंडनच्या संचात पंधरा मिनिटांत एका बाळाच्या मेंदूची २,३०० चित्रं घेतली जात. त्यातून दिसलं ते असं: स्पर्श, हालचाल, ऐकणं यांची जाळी जन्मतःच बऱ्यापैकी जुळलेली असतात. स्वतःबद्दल विचार करणं, बेत आखणं यांच्याशी संबंधित जाळी तुकड्यातुकड्यांत असतात आणि पुढं जुळत जातात.

सगळ्यात बोलका प्रयोग वेदनेचा आहे. अगदी १९८०च्या दशकापर्यंत काही ठिकाणी नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशी भूल न देता होत, कारण ‘एवढ्या लहान बाळाला वेदना कळत नाही’ असं मानणारे डॉक्टर होते. २०१५ साली ऑक्सफर्डच्या गटानं जेमतेम काही दिवसांच्या दहा निरोगी बाळांच्या तळपायाला, झोपमोड होणार नाही इतकंच, बोथट टोकानं टोचलं आणि त्याच वेळी एमआरआय घेतला. मोठ्या माणसांतही तेच केलं. मोठ्यांच्या मेंदूतले वीस भाग जागे झाले. बाळांत त्यातले अठरा. शिवाय मोठ्यांना चौपट जोरानं टोचल्यावर जसा प्रतिसाद येतो, तसा बाळांत हलक्या टोचणीलाच आला. दहा बाळं म्हणजे छोटा अभ्यास, हे धरून चालावं. तरीही लसीच्या वेळी ‘काय नाय व्हत, लहान हाय’ म्हणणाऱ्यांसाठी तो पुरेसा आहे. सुई टोचताना बाळ आईच्या अंगावर पीत असेल तर त्याला कमी दुखतं. नर्सताईंना तसं सांगायला लाजू नये.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. यातला कुठलाही स्कॅन तुमचं बाळ हुशार होईल की नाही हे सांगत नाही. सटवाईनं पाचवीच्या रात्री कपाळावर काय लिहिलं ते कपाळामागं बघूनही वाचता येत नाही. हे सगळे निष्कर्ष बाळांच्या गटांचे आहेत, आणि निरोगी बाळांमधला आपापसांतला फरकच भरपूर असतो. रोजच्या व्यवहारात, म्हणजे बाळ लवकर जन्मलं किंवा डोक्याबद्दल शंका आली तर, डॉक्टर आधी सोनोग्राफीच करतात. टाळूवर हाड नसतं, तिथून लहरी आत जातात. ही खिडकी साधारण दीड वर्षाच्या आत बंद होते. खाटेजवळ, काही मिनिटांत, कमी पैशात. (टाळू तेलानं भरून आणलेल्या बाळावर सोनोग्राफीची जेल लावताना डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा होतो.) एमआरआयची पाळी त्यानंतर, गरज असेल तरच.

माप कुणाच्या बाळांचं?

आता माझा खरा मुद्दा. २०२२ साली ‘नेचर’मध्ये मेंदूच्या वाढीचे तक्ते प्रसिद्ध झाले. अंगणवाडीत वजनाचा तक्ता असतो ना, तसेच, पण मेंदूचे. १,०१,४५७ माणसांचे १,२३,९८४ स्कॅन, पोटातल्या गर्भापासून शंभर वर्षांपर्यंत. काम अफाट आहे. पण यातले बहुसंख्य स्कॅन युरोप आणि उत्तर अमेरिकेतले आहेत, हे संशोधकांनी स्वतःच मान्य केलं आहे. लंडनच्या प्रकल्पातली बाळं लंडनचीच. शाहूवाडी-गगनबावड्याच्या डोंगरातली, अंगात रक्त कमी असलेल्या आईच्या पोटची, अडीच किलोची पण ठणठणीत पोर त्या तक्त्यावर कुठं बसेल? ती लहान आहे की तक्ता तिच्यासाठी नाही?

यावर उगाच अभिमानाची भाषा करण्यात अर्थ नाही, कारण उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ शकतं. ‘इंटरग्रोथ-२१’ या अभ्यासानं आठ देशांतल्या आठ ठिकाणची बाळं मोजली, त्यात आपलं नागपूर होतं. आईला पुरेसं खायला मिळालं, तब्येत आणि राहणीमान चांगलं असलं, तर नागपूरचं बाळ आणि ऑक्सफर्डचं बाळ पोटात जवळपास सारखंच वाढतं, असं त्यातून दिसलं. म्हणजे शरीराच्या वाढीत माती फारशी वेगळी नाही, खतपाणी वेगळं आहे.

पण दुसरं उदाहरण धडकी भरवणारं आहे. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला तीन दिवस थंड ठेवलं की मेंदूची हानी कमी होते, हे श्रीमंत देशांत सिद्ध झालेलं. तोच उपचार भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर काटेकोरपणे तपासला. ‘हेलिक्स’ नावाचा हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. फायदा दिसला नाही. उलट थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के बाळं गेली, न ठेवलेल्या गटात ३१ टक्के. असं का झालं यावर अजून वाद चालू आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांच्या मेंदूला इजा आधीपासून, वेगळ्या कारणांनी झालेली असावी, असं त्या गटाचं म्हणणं आहे. एखाद्या बाळाला काय द्यायचं ते त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण बाहेरचं माप जसंच्या तसं इथं लावू नये, याला यापेक्षा कडू पुरावा मी तरी बघितलेला नाही.

आपल्याकडं काहीच होत नाही असंही नाही. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरनं २०२४ साली गर्भाच्या मेंदूचे ५,१३२ काप डिजिटल करून ‘धरणी’ नावानं जगाला खुले केले. तो जिवंत बाळांचा एमआरआय नाही, प्रत्यक्ष मेंदूचे सूक्ष्म काप आहेत, पण दर्जा जगाच्या तोडीचा. मशीनही स्वस्त होत चालली आहेत. अवघ्या ०.०६४ टेस्लाचं, चाकांवर ढकलत खाटेपर्यंत नेता येणारं, भिंतीतल्या साध्या प्लगवर चालणारं यंत्र २०२० पासून बाजारात आहे. त्याचं चित्र धूसर येतं, पण मेंदूचं आकारमान मोजण्याइतकं स्पष्ट असतं, आणि ज्या देशांत मोठी मशीन पोचत नाहीत तिथल्या बाळांचे अभ्यास त्याच्यावर सुरू झाले आहेत.

कोल्हापुरात एमआरआय सेंटर ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, कसबा बावड्याला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठात गणिती आणि संगणकवाले आहेत. मशीन आणि माणसं जमवता येतील. कस लागेल तो इतर गोष्टींचा. बाळ नेमकं किती आठवड्यांचं हे ठाऊक हवं, आणि त्यासाठी आईची पहिली सोनोग्राफी सुरुवातीच्या तीन महिन्यांत झालेली हवी. ‘पाडव्याच्या आसपास पाळी चुकली’ एवढ्यावर भागत नाही. स्कॅनमध्ये अनपेक्षित काही सापडलं तर कुणाला, कधी, कोण सांगणार हे संमतिपत्रावर आधीच लिहिलेलं हवं. ते पत्रही अशा मराठीत हवं की बाळाच्या आईला ते नवऱ्याला न विचारता कळेल.

आणि सगळ्यात अवघड, पाठपुरावा. जन्मताचा एक स्कॅन घेऊन फारसं काही कळत नाही. तेच मूल दीड-दोन वर्षांनी कसं चालतं, किती शब्द बोलतं, हे बघितलं तरच स्कॅनचा अर्थ लागतो. लंडनमध्ये बाळ जन्मतं त्याच घरी वाढतं. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. लेक कागलची, दिली निपाणीला. बाळ तीन महिन्यांचं झालं की पाळण्यासकट राज्याची हद्द ओलांडून जातं, फोन नंबर लावावा तर तो नवऱ्याच्या भावाचा निघतो. तेव्हा अभ्यास कुणी सुरू केलाच, तर पहिल्या पानावर पत्त्यासाठी दोन रकाने ठेवावेत, माहेरचा आणि सासरचा. दोन्हीकडच्या आशाताईंचे नंबर आधी घ्यावेत, चुंबकाची जुळणी नंतर.